श्रीनिवासन रमणी आणि भारतांतील संगणकांचें जाळें

मराठींत शास्त्रज्ञांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं जातात. परंतु त्यांच्या कार्याची टीका, म्हणजे गुणदोषांचें शांतपणें केलेलें विवेचन, क्वचितच वाचावयास मिळतें. कवीच्या एका कडव्यावर दहा पानें खर्ची घालणारे आम्ही टीकाकार शास्त्रज्ञाचें नांव निघतांच हात जोडून मोकळे होतों. हा आदर वरवर पाहतां शोभून दिसतो. पण त्यांत आळसाचा अंश बराच असतो. जिच्या आधारें आज मुलांचे प्रवेश-अर्ज भरले जातात, घराघरांतील देवघेव चालते आणि परदेशीं गेलेल्या मुलीचा चेहरा आईबापांस रोज दिसतो, ती वस्तु येथें कोणीं आणली, कशी आणली आणि आणतांना काय राहून गेलें, हें विचारण्याचा अधिकार साहित्याच्या मासिकासहि आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत श्रीनिवासन रमणी यांच्या कार्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमणी हें नांव मराठी नव्हे. परंतु त्यांच्या आयुष्यांतील मुख्य कार्य मुंबईंत झालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. आर. नरसिंहन् व त्यांचे सहकारी यांनीं संगणक बांधला व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफरॅक' असें नामकरण केलें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेंतील कंट्रोल डेटा कंपनीचा '३६००' हा मोठा संगणक आला. एका बाजूस स्वतः बांधलेलें यंत्र आणि दुसऱ्या बाजूस विकत आणलेलें यंत्र, असे दोन्ही अनुभव ज्या संस्थेच्या गांठीं होते, तिच्यांत रमणी घडले. १९८५ सालीं जुहू येथें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीएसटी, स्वतंत्रपणें उभें राहिलें, त्याचे ते पहिले संचालक झाले. आणि २००० सालापर्यंत तें पद त्यांच्याकडे होतें. त्यांच्या कार्याची परीक्षा करावयाची ती मुख्यतः या पंधरा वर्षांवरून.

तत्पूर्वींची एक गोष्ट मात्र वगळतां येत नाहीं. १९८२ सालीं रमणी व रिचर्ड मिलर यांनीं एका निराळ्या जातीच्या उपग्रहाची कल्पना मांडली. दळणवळणाचे नेहमींचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागीं स्थिर असल्यासारखे भासतात व त्यांस खर्चहि प्रचंड येतो. या दोघांचें म्हणणें असें कीं, विषुववृत्तावरून कमी उंचीवर फिरणारा एक लहानसा उपग्रह सोडावा. त्यानें एका देशावरून जातांना तेथील पत्रें उचलून पोटांत साठवावीं आणि दुसऱ्या देशावर आल्यावर तीं खालीं टाकावीं. पत्र क्षणार्धांत पोंचणार नाहीं, कांहीं वेळानें पोंचेल; पण पोंचेल तें गरिबाच्या ऐपतींत. आम्हांस या कल्पनेंत रमणी यांच्या बुद्धीचा खरा कल दिसतो. श्रीमंत देशाचें साधन लहान करून वापरावें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. गरिबाची गरज काय, येथून त्यांनीं विचारास आरंभ केला. ज्यास उत्तराची घाई नाहीं, पण ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, अशा माणसाकडे पाहून केलेली ही योजना आहे.

हेंच तत्त्व पुढें जमिनीवर उपयोगी पडलें. १९८६ सालीं केंद्र सरकारचें इलेक्ट्रॉनिक्स खातें व संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास-कार्यक्रम यांच्या द्रव्यसाहाय्यानें 'एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क', संक्षेपानें 'अर्नेट', ही योजना सुरू झाली. तींत आठ भागीदार होते: मुंबईचें एनसीएसटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पांच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स खातें. पहिला दुवा जोडला गेला तो जुहूचें केंद्र व पवईची आयआयटी यांच्यामध्यें. दोन यंत्रांमध्यें कायमची तार नव्हती. एक यंत्र मोडेमच्या साहाय्यानें दुसऱ्यास टेलिफोन करी, साठलेलीं पत्रें त्याच्या हवालीं करी, त्याच्याकडचीं आपल्याकडे घेई व फोन ठेवून देई. टपालाची थैली घेऊन गांवोगांव जाणाऱ्या हरकाऱ्याची ही रीत. फक्त हरकारा विजेचा होता. त्या काळच्या मुंबईंत सरळ माणसाचा फोन सरळ माणसास लागणें हाच एक योग असे, हें ज्यांस आठवत असेल त्यांस या खटाटोपाची किंमत समजेल. खरखरणाऱ्या तारेवरून माणूस 'हॅलो हॅलो' करून निभावून नेतो; यंत्रास एक अक्षर चुकलें तरी तें पुन्हां मागावें लागतें.

पुढें भाड्याच्या कायमच्या तारा आल्या. १९८९ च्या सुमारास एनसीएसटीमधून अमेरिकेंतील व्हर्जिनियाच्या 'यूयूनेट' या संस्थेशीं थेट वाहिनी जोडली गेली. त्याच वर्षीं ८ मे रोजीं 'डॉट इन' हें भारताचें नांव जगाच्या नोंदवहींत चढलें व त्याचा कारभारहि याच केंद्राकडे आला. संकेतनियमांच्या बाबतींतहि एक शहाणपण दाखविलें गेलें. त्या दिवसांत अनेक सरकारांचा कल 'ओएसआय' या आंतरराष्ट्रीय समितीनें ठरविलेल्या नियमांकडे होता. अर्नेटनें ते व अमेरिकेंत रुळलेले 'टीसीपी-आयपी' हे नियम असे दोन्ही आरंभीं चालविले आणि १९९५ पर्यंत जवळजवळ सारी वाहतूक दुसऱ्या मार्गानें होऊं लागली. कागदावर सुबक दिसणाऱ्या पद्धतीपेक्षां चालणारी पद्धति बरी, हें अनुभवानें ठरूं दिलें. सरकारी योजनांत असें क्वचितच घडतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, यांत नवीन तें काय? टीसीपीची सविस्तर रूपरेषा १९७४ च्या डिसेंबरांत सिद्ध झाली, तिच्या तीन लेखकांपैकीं योगेन दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. एका संगणकावरून दुसऱ्यावर लेख नेण्याचा नियम १९७१ सालीं लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे. हे दोघे परदेशीं जाऊन शोधक झाले. रमणी यांनीं मुंबईंत राहून दुसऱ्यांच्या शोधाची जोडणी केली. मग मान कोणास अधिक द्यावा?

हा प्रश्न मराठी वाङ्मयास नवा नाहीं. भाषांतरयुग व स्वतंत्र लेखन यांच्या तुलनेंत तो आपण वारंवार सोडविला आहे, आणि बहुधा चुकीचा सोडविला आहे. गोव्यांत छापखाना आला १५५६ सालीं. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें ६ जानेवारी १८३२ रोजीं. मध्यें पावणेतीनशें वर्षें गेलीं. बाळशास्त्र्यांनीं मुद्रणकलेचा शोध लावला नाहीं, वृत्तपत्राची कल्पनाहि त्यांची नव्हे. तरी मराठी वृत्तपत्राचें जनकत्व आपण त्यांस देतों, आणि तें योग्यच आहे. कारण परकी साधन येथें येणें व येथें रुजणें यांत महदंतर आहे. रुजविण्यास माती पारखावी लागते. सरकारी खातें, टेलिफोनवाले, परदेशचे मित्र व आपले विद्यार्थी या सर्वांस एका कामाला लावावें लागतें. शोध एका खोलींत बसून लागूं शकतो; जाळें मात्र दुसऱ्यानें आपलें टोंक धरल्यावांचून विणतां येत नाहीं. या अर्थीं रमणी यांस प्रवर्तक म्हणण्यांत आम्हांस कांहींहि अतिशयोक्ति वाटत नाहीं. २०१४ सालीं 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्यें त्यांचा समावेश झाला तो जगास जोडणाऱ्यांच्या वर्गांत, हें वर्गीकरण मार्मिक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हें जाळें विद्वानांचें होतें व विद्वानांपुरतेंच दीर्घकाळ राहिलें. १९८६ पासून जी सोय प्राध्यापकांस मिळूं लागली ती सामान्य नागरिकास विदेश संचार निगमच्या द्वारें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मिळाली. 'डॉट इन' नांवाच्या वांटपाचे नियम इतके कडक होते कीं, १९९२ ते २००४ या काळांत सुमारे ७ हजारच नांवें नोंदलीं गेलीं. २००५ सालीं नियम सैल होतांच पांच वर्षांत ती संख्या सहा लाखांवर गेली. याचा सारा दोष एका संस्थेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. दळणवळणावर सरकारची मक्तेदारी होती व परवाने देणें संशोधकांच्या हातीं नव्हतें. तथापि सोंवळ्यांतील ज्ञान ही आपल्याकडची जुनी व्याधि आहे, आणि नव्या यंत्रासहि तिची लागण झाली, एवढें नमूद करणें टीकाकाराचें कर्तव्य आहे.

तिसरा मुद्दा आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा: लिपीचा. 'दर्पणा'नें पहिल्या अंकापासून इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं-शेजारीं उभा केला. संगणकाच्या जाळ्यावर मात्र मराठीस पाट मिळाला नाहीं. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. त्या काळचें विजेचें टपाल सात बिटांच्या संकेतावर चाले. त्यांत एकूण १२८ चिन्हें मावत, व तीं रोमन लिपीनें व्यापलेलीं. भारतीय लिपींसाठीं 'इस्की' हा प्रमाण-संकेत १९९१ सालीं ठरला, तो आठ बिटांचा; त्याचीं देशी अक्षरें वरच्या १२८ घरांत राहत. सात बिटांच्या वाटेनें तीं पाठविलीं कीं आठवा बिट गळून पडे व मराठी पत्राचा चिवडा होई. टपालांतून वाटेल ती लिपि सुरक्षित नेण्याचा नियम जगांत १९९२ सालीं निघाला. तोंवर, व त्यानंतरहि बरींच वर्षें, मराठी माणसें रोमन अक्षरांत मराठी लिहीत राहिलीं. फादर स्टीफन्सचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रोमन लिपींतच छापावें लागलें होतें, याचें येथें स्मरण होतें. साधन परक्याचें असलें म्हणजे भाषेस परकी वस्त्रें नेसावीं लागतात, हा इतिहास चार शतकांनीं पुन्हां घडला.

खेदाची गोष्ट अशी कीं, या प्रश्नावरचें उत्तर त्याच वर्षांत आमच्या पुण्यांत तयार होत होतें. १९८८ सालीं येथें 'सी-डॅक' ही संस्था निघाली व मोहन तांबे यांनीं कानपूरच्या आयआयटींत आरंभिलेलें 'जिस्ट' हें भारतीय लिपींचें तंत्र तेथें वाढीस लागलें. मुंबईस तार होती व पुण्यास अक्षर होतें. त्या दोहोंचा विवाह लवकर झाला नाहीं. देवनागरींतील 'डॉट भारत' हें नांव जाळ्यावर आलें तें २०१४ सालच्या ऑगस्टांत, म्हणजे 'डॉट इन'नंतर पंचवीस वर्षांनीं.

सी-डॅकचा उल्लेख आला म्हणून तुलना टाळतां येत नाहीं. त्या संस्थेचे संचालक डॉ. विजय भटकर मूळ अकोला जिल्ह्याचे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला आणि महाराष्ट्रानें त्यांस डोक्यावर घेतलें. तो गौरव यथायोग्य होता. परंतु 'परम'ची कथा लोकांस इतकी आवडली याचें एक कारण तिच्या घडणींत आहे. अमेरिकेनें हवा तो महासंगणक देण्याचें नाकारलें व आम्हीं तो स्वतः केला, ही नकाराची व प्रतिज्ञेची कथा आहे. तींत खलपुरुष आहे, परीक्षा आहे, विजय आहे. जाळ्याच्या कथेंत यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें परक्यानें नाकारलें नाहीं, टोंक धरूं दिलें. आणि विजयाचा एक दिवस दाखवितां येत नाहीं, कारण काम रोज थोडें थोडें होत गेलें. गंमत अशी कीं, 'परम' हाहि मुळांत एक प्रकारें जाळेंच होता. एकच अवाढव्य यंत्र न करतां अनेक लहान प्रक्रियक एकमेकांस जोडून त्यांजकडून एक काम करून घेणें, हेंच त्याचें रहस्य. म्हणजे ज्या गुणासाठीं आपण 'परम'ची वाहवा केली, तोच गुण देशभर पसरलेला असतांना आपल्या नजरेस पडला नाहीं.

२००३ च्या सुमारास एनसीएसटी ही संस्था सी-डॅकमध्यें विलीन झाली. जिनें देशाचें टोंक जगाशीं जोडलें तिचें नांव आतां दारावर उरलें नाहीं. आणि तिचा वारसा, योगायोगानें, पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या संस्थेकडे आला आहे. पुणेंकरांवर त्यामुळें एक जबाबदारी पडते असें आम्ही मानतों.

एकंदरींत आमचा अभिप्राय असा: रमणी यांच्या कार्यांत दूरदृष्टि, काटकसर व सहकार्याची हातोटी हे गुण उत्तम प्रतीचे आहेत, त्या कार्याचा परीघ मात्र फार काळ आंखूड राहिला, आणि देशी भाषांचा विचार त्याच्या पायांत पडावयास हवा होता तो भिंती चढल्यावर झाला. उपग्रहाच्या कल्पनेंत गरिबाकडे पाहण्याची जी दृष्टि होती, ती पुढील सरकारी योजनेंत पूर्णपणें उतरूं शकली नाहीं. गुण त्यांचे, आणि दोष बहुतांशीं काळाचे व व्यवस्थेचे, असें म्हणून आम्ही सुटूं शकलों असतों. परंतु वाचकांनीं हें दोषाचें माप आपल्या पुढील योजनांस लावून पाहावें यासाठीं तें मांडलें आहे. आज बोलकीं व लिहितीं यंत्रें दारांत उभीं आहेत, आणि तींहि प्रथम इंग्रजी शिकून आलीं आहेत. मराठीची सोय मागाहून पाहूं, हें वाक्य ज्या समितींत उच्चारलें जाईल, तिच्यापुढें १९८९ व २०१४ हीं दोन सालें ठेवावींत.

राहिलें चरित्राचें. जुहू-पवईचा तो पहिला दुवा ज्यांनीं रात्रीं जागून जोडला, त्या तेव्हांच्या तरुणांचे केस आतां पांढरे झाले आहेत. त्यांच्याकडून त्या दिवसांची हकीकत लिहून घेणें हें काम कोणा मराठी लेखकानें अंगावर घ्यावें. तेवढें झालें म्हणजे आमच्यासारख्यांची टीका अधिक आधारानें करतां येईल.