चव आणि चवीचे धनी

काव्याची, नाट्याची आणि संगीताची समीक्षा करण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे. अन्नाची समीक्षा मात्र घरातल्या घरात, आणि तीही बहुधा मिठाच्या प्रमाणापुरतीच होत आली. याला कारणही आहे. देवळाच्या सहवासात वाढलेल्या आपल्या समाजात अन्न प्रथम नैवेद्य असते, मग प्रसाद होते आणि त्यानंतर जेवण. नैवेद्याला नावे ठेवायची नसतात. शिवाय ते कोणी रांधले, कोणत्या विहिरीच्या पाण्यावर शिजले, हे जेवणाऱ्याला ठाऊक असते. शहरात पैसे देऊन, अनोळखी हातचे, अनोळखी देशाचे अन्न खाण्याची वेळ आली म्हणजे हा सारा आधार सुटतो. म्हापसा असो, बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, आपल्या घरची तरुण मंडळी संध्याकाळी बाहेर पडतात ती कधी चिनी नूडल्स, कधी तिबेटी मोमो खाण्यासाठी. वडीलधाऱ्यांचा त्यावरचा आक्षेप सोवळ्याओवळ्याचा असतो. तरुणांचे समर्थन ‘चव चांगली आहे’ एवढ्यावर थांबते. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात रांधणारा माणूस कोठेच येत नाही. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच की, त्याला वगळून परक्या अन्नाचा निवाडा करता येत नाही. आणि तो वगळला गेला की कालांतराने चवही बिघडते.

हा मुद्दा तपासून पाहण्यास कोलकात्याइतके सोयीचे शहर दुसरे नाही. आशियातील निरनिराळे समाज या शहरात आले आणि येताना आपली चूल घेऊन आले. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली येथे आला व मटियाबुर्जला राहिला. त्याच्याबरोबर आलेल्या बिर्याणीत पुढे बटाटा शिरला आणि तोच तिची ओळख ठरला. बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केलेली नाहूमची बेकरी न्यू मार्केटमध्ये प्रसिद्धी पावली. परवरात सारण भरून केलेल्या ‘दोर्म्या’चे मूळ आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या दोल्म्यात मानतात. या तिन्ही पदार्थांत रूपांतर झाले आहे, पण पाहुण्याचे नाव पुसले गेलेले नाही. बंगाली गृहस्थ बिर्याणी खाताना नवाबाची आठवण काढतो. ही आठवण म्हणजे केवळ गप्पांचा विषय नव्हे. मूळ चवीशी ताडून पाहण्याचे ते एक माप असते.

चिनी मंडळी त्याहूनही आधीची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, तोंग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण त्याच्याच नावावरून अचिपूर म्हणून ओळखले जाते, आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी लोक तेथे दर्शनाला जातात. पुढे सुतार, चांभार, दंतवैद्य अशा नाना व्यवसायांतले चिनी शहरात स्थिरावले. मध्य कोलकात्यातील टिरेट्टा बाजाराचे नाव एका व्हेनिसकराचे, पण तो ओळखला जातो चिनी न्याहारीसाठी. पहाटे तेथे वाफेची भांडी उघडतात आणि ऊन चढण्यापूर्वी सारे आवरते. सारण भरून वाफवलेले पांढरे पाव, माशाच्या गोळ्यांचे निवळ सार, पातळ आवरणाची मांसाची गाठोडी, असा तेथला साधा सरंजाम. रसिकाच्या दृष्टीने या न्याहारीचा मोठा गुण संयम हा आहे. मसाल्याचा बडिवार नाही, तेलाचा तवंग नाही. मीठ, मिरी, आले आणि वाफ एवढ्यावर पदार्थ उभा राहतो. आपल्याकडे उकडीच्या मोदकाची किंवा हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची परीक्षा जशी पारीच्या पातळपणावर होते, तशीच येथेही आवरणावर होते. शाकाहारी मनुष्यास मात्र येथे खाण्यापेक्षा पाहण्यासारखेच अधिक. आणि विक्रेता तसे सरळ सांगतो, हाही त्या बाजाराचा एक गुणच म्हणावयाचा.

टेंगरा या पूर्वेकडील वस्तीची गोष्ट निराळी. येथे हक्का चिनी लोकांनी चामडे कमावण्याचे कारखाने चालवले. ज्या कामाला आपल्या समाजरचनेने अस्पृश्य ठरवले ते काम या परदेशस्थांनी पत्करले व त्यात सुबत्ता मिळवली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव हे कारखाने बानतल्याला हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर अनेक कुटुंबांचे मुख्य साधन खाणावळी हेच उरले. टेंगऱ्याचे रांदप टिरेट्टाच्या न्याहारीसारखे मितभाषी नाही. हिरवी मिरची, लसूण, काळा सोया आणि मोठी आच यांवर त्याचा भर. चिनी आचारी बंगाली गिऱ्हाइकासाठी रांधू लागला, तेव्हा त्याने गिऱ्हाइकाची जीभ ओळखून आपली भाषा थोडी मोठ्याने बोलावयास घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

याला भेसळ म्हणणारे जाणकार आहेत. खऱ्या चीनमध्ये असे काही खात नाहीत, हा त्यांचा दावा. पण हा न्याय आपण स्वतःला लावतो काय? मिरची, बटाटा, काजू हे सारे पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आले. आजही कित्येक घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा, टोमॅटो वर्ज्य मानतात, ती त्यांच्या परकेपणाची जुनी खूणच आहे. तरीही मिरचीवाचून आमच्या हुमणाची कल्पना कोण करील? पदार्थ शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे. बदल करणारा हात जाणता होता की नाही, हा खरा प्रश्न. आणि टेंगऱ्याचा हात जाणता होता. तेथील उत्तम हक्का नूडल्समध्ये तंतू सुटे राहतात, कोबी कच्चा करकरत नाही आणि शिजून मऊही पडत नाही, कढईच्या धुराचा वास अखेरपर्यंत टिकतो. हे मसाल्याने साधत नाही, मनगटाने साधते.

याच वस्तीत एक कालीमंदिर आहे. लोक त्याला चिनी काली म्हणूनच ओळखतात. झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडांना हिंदू शेजारी भजत. एका चिनी मुलाचे दुखणे तेथे बरे झाले, तेव्हापासून चिनी कुटुंबेही भजू लागली व पुढे देऊळ उभे राहिले, अशी कथा सांगतात. पूजा हिंदू पद्धतीने होते, चिनी उदबत्त्या जळतात, आणि देवीला नैवेद्य दाखवतात तो नूडल्सचा, भाताचा व भाज्यांचा. आपल्या वाचकांपैकी काहींना हे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याच्या घरी जे शिजते ते त्याने देवाला अर्पावे, हेच तर नैवेद्याचे तत्त्व. पोहे आणि पाने-फुले यांच्या कथा आपण मुलांना उगाच सांगत नाही. येथे नूडल्सवर कोणी उपकार केलेला नाही. रांधणाऱ्याला भक्त म्हणून आधी स्वीकारले, आणि मग त्याचे अन्न आपोआप प्रसाद झाले. क्रम हाच योग्य.

दुर्दैवाने उर्वरित देशाने हा क्रम पाळला नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याच देशात जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत म्हातारी-मुलेही होती, मुख्यतः आसाम व उत्तर बंगालकडून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. काहींची सुटका व्हावयास १९६७ उजाडले. कोलकात्यातल्या चिनी लोकांवरही पाळत व निर्बंध आले. अनेक कुटुंबे देश सोडून गेली. कॅनडातील टोरांटो शहरात आज ‘हक्का’ नावाने जी खाद्यगृहे चालतात, त्यांतील कित्येकांची चूल कोलकात्याहून गेलेली आहे. आणि नेमक्या त्यापुढच्या काही दशकांत चिनी जेवण भारतभर लोकप्रिय झाले. माणसे गेली, त्यांची चव राहिली. ती चव आवडीने खाणाऱ्या आपल्यांपैकी किती जणांस देवळीचे नाव ठाऊक आहे?

मोमोच्या बाबतीत नियतीने थोडी दया दाखवली. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले, त्यांना देशाने आश्रय दिला, आणि कोलकात्यात एल्गिन रस्त्याच्या आसपास त्यांची छोटी खाद्यगृहे वसली; दार्जिलिंग व नेपाळकडील लोकांनीही हा पदार्थ आणला. मोमो विकणाऱ्यास ‘आपण कोठले?’ असे विचारता येते आणि त्याला ते सांगताना संकोच वाटत नाही. मैद्याची पारी जाड, चटणी तिखटजाळ, असे मोमो सर्वत्र मिळतात हे खरे; परंतु चांगला मोमो कसा असतो, हे सांगणारा मनुष्य अजून शेजारी आहे.

आता ‘मंच्युरियन’कडे वळू, कारण या पदार्थाने आपल्या देवळाच्या दारापर्यंत मजल मारली आहे. मंच्युरिया प्रांतात असा पदार्थ नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केला, असे ते स्वतः सांगत. आले, लसूण, हिरवी मिरची हा भारतीय आरंभ. त्यावर गरम मसाल्याऐवजी सोया आणि दाटपणाला मक्याचे पीठ. कल्पना साधी आणि मोठ्या कारागिराची. पुढे कोंबडीच्या जागी फुलकोबी आली व शाकाहारी भारताने तो पदार्थ डोक्यावर घेतला. उत्तम फुलकोबी मंच्युरियन तळल्यावर कुरकुरीत राहते आणि रस तिला लगटतो, बुडवीत नाही. पण जत्रेच्या गाड्यावर काय मिळते? पिठाच्या ओझ्याखाली भाजी हरवलेली, सोयाचा पत्ता नाही, आणि लालभडक रंग. वाँग कोण, कोलकाता कोठे, हे गाडीवाल्यास ठाऊक नाही आणि गिऱ्हाइकास त्याची गरज वाटत नाही. पदार्थाला धनी उरला नाही की त्याच्या जागी रंग येतो.

२०२२ मध्ये वास्कोच्या श्रीदामोदराच्या सप्ताहात अन्न व औषध प्रशासनाने मंच्युरियनच्या गाड्यांवर निर्बंध घालण्यास सांगितले. २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेतील अनुभवावरून शहरातच बंदी घातली. त्याच वर्षी मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने या पदार्थात कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. कृत्रिम रंग आणि निकृष्ट सॉस यांविरुद्धची कारवाई उचितच; मुलांच्या पोटाशी खेळ कोणी करू नये. पण त्या निमित्ताने ‘परकी घाण देवाच्या दारी कशाला’ असा जो सूर कानी येतो, तो मान्य होण्यासारखा नाही. मंच्युरियन परका नाही. तो मुंबईत घडला, कोलकात्याच्या हाताने घडला. दोष परकेपणाचा नसून बेवारशीपणाचा आहे. खाजेही मळक्या तेलात तळले तर जत्रेला न शोभणारेच ठरेल.

कर्नाटकाने पदार्थ न हाकलता रंग हाकलला, हा मार्ग आम्हास अधिक शहाणपणाचा वाटतो. देवस्थान समित्यांनी त्याही पुढे एक पाऊल टाकावे. जत्रेत जागा देताना गाडीवाल्याचे नाव, गाव, तेल आणि सॉस यांची विचारपूस करावी, आणि त्याचे नाव गाडीवर ठळक लिहावयास लावावे. ज्याचे नाव लागते तो जपून रांधतो, हे आपल्या देवळांतील रांधपी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. शहरात बाहेर खाणाऱ्या तरुणांनाही सांगणे एवढेच: अवश्य खा, नाना देशांचे खा, पण ताट पुढे आले की हे कोणाच्या घरचे, एवढे एकदा विचारा. टेंगऱ्याला गेलात तर जेवणाआधी त्या कालीचे दर्शन घ्या आणि तेथला प्रसाद नाकारू नका.