पत्रांचा हमाल

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, हल्ली मिसळीचंही होतं. पण गठ्ठे उचलणाऱ्या हमालाच्या कलेवर कोणी चार ओळी लिहीत नाही. ती उणीव आज भरून काढतो. हा हमाल संगणकात राहतो. ई-मेलच्या पेटीतली हजारो पत्रं एका दमात उपसायची आणि आपल्या संगणकावर तारीखवार, माणूसवार रचून द्यायची, हा त्याचा धंदा. ‘थंडरबर्ड’ या टपालपेटीला हे काम शिकवणारी फुकट जोडणी मिळते. विकतचे हमालही पुष्कळ आहेत. आम्ही आणलेल्याचं नाव सांगत नाही. एकट्याची बदनामी कशाला? बरेचसे दोष घराण्याचेच आहेत.

मुळात हमाल लागावा इतकी पत्रं साठली कशी? पूर्वी घरोघरी एक वाकवलेली तार असे. आलेलं पत्र तिच्यात खोचायचं. तार भरली की दिवाळीच्या साफसफाईत निम्मी पत्रं बंबात. अशुभाचं कार्ड तर वाचल्याबरोबर फाडायचं. ते घरात ठेवत नसत. काय ठेवायचं आणि काय नाही, याचं सगळं शास्त्र त्या तारेत होतं. मग 1 एप्रिल 2004 ला गूगलनं जीमेल काढलं आणि एक जीबी जागा फुकट देऊ केली. तारीख बघून अनेकांना ती थापच वाटली. 2013 साली तीच जागा पंधरा जीबी झाली. बंब विझला तो कायमचा.

चंद्रपूरचे आमचे शेजारी निवृत्त वनपाल. ते खात्यात लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच. तो 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा निघाला. काकांची नोकरी आलापल्ली-सिरोंच्याकडच्या रानात आणि बिऱ्हाड चंद्रपुरात. पुढे मुलीनं आईला ई-मेल शिकवलं, तेव्हापासून काकू इथून पत्र टाकत आणि काका बाजाराच्या दिवशी गावात येऊन ते वाचत. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. गूगलनं 2023 साली नियम केला, की खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. अधूनमधून उघडत राहणं हा उपाय होता. पण काकांचा खाक्या वनखात्याचा. “माल आपल्या डेपोत पायजे जी.” पासवर्ड लोणच्यांच्या वहीत सापडला आणि हमाल कामाला लागला.

आधी कौतुक करतो. संध्याकाळी लावला, सकाळी अकरा हजार पत्रं दारात. मध्ये बिडीला थांबला नाही, चहा मागितला नाही. पत्रांच्या पोटातले फोटोसुद्धा शाबूत. आणि इतक्या पत्रांतून गेला, पण एकाही घरची भानगड बाहेर बोलला नाही. हे शेजाऱ्यांना जमत नाही.

आता दोष. इथे काका माझ्यापेक्षा सरस परीक्षक. सागवानाच्या डेपोत प्रत्येक लठ्ठ्यावर नंबर, लांबी, गोलाई आणि हातोड्याची खूण असते. मगच तो थप्पीला लागतो. आमच्या हमालानं मराठी विषयाच्या पत्रांना नावं दिली ती नुसत्या आडव्या रेघांची. रोमन लिपीपलीकडचं अक्षर दिसलं की ओढ रेघ! ‘वडे पाठवले’ आणि ‘ताप उतरला’ यांत मग काही फरकच उरला नाही. “खूण नसलेलं लाकूड म्हणजे चोरीचं लाकूड,” काका म्हणाले. सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, तो बदलला की अक्षरं परत येतात. पण ताडोबात वाघ त्याच्याआधी दिसतो.

दुसरी गोष्ट. जीमेलमध्ये एका पत्राला तीन लेबलं लावली तरी पत्र एकच राहतं. हमाल मात्र प्रत्येक लेबलाच्या कप्प्यात एकेक प्रत टाकतो. “लाकूड एक अन् थप्प्या तीन? आम्ही असं दाखवलं असतं तं निलंबनच झालं असतं बाप्पा!”

तिसरी गोष्ट वेळेची. हमालाचं घड्याळ ग्रिनिचचं, आपल्याहून साडेपाच तास मागे. पुण्याच्या जावयानं 1 जानेवारीच्या पहाटे तीनला ‘मुलगा झाला’ असं कळवलं होतं. ते 31 डिसेंबरच्या रात्री साडेनवाला जाऊन बसलं. पोरगं जन्मल्याबरोबर एका वर्षानं मोठं!

हे सगळं दुरुस्त होईल. न होणारा दोष एकच: त्याला निवडता येत नाही. साड्यांचा सेल, बँकेचं निवेदन आणि काकूंचं पत्र, तिघांनाही त्यानं सारख्याच आदरानं आणून टाकलं. गडचिरोलीत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. बाया अंगणात बसून फाटकं पान बाजूला टाकत टाकत सत्तर पानांचं पुडकं बांधतात आणि मग ते फळीवर जातं. आधी हात फिरतो, नंतर गाठ बसते. हमाल आधी गाठ मारतो. जाहिरात म्हणते, ‘तुमची पत्रं लावून देतो.’ तो आणून देतो, इतकंच. उरलेलं अंगणातलं काम आपलं.

काका सध्या रोज सत्तर पत्रं बघतात. एक पुडकं झालं की संगणक बंद. या हिशेबानं पाच महिने लागतील. परवा हमालानं मोठ्या हुशारीनं विचारलं, की एकाच विषयाची तीन पत्रं दिसतात, जास्तीची काढू का? तिन्ही काकूंचीच होती, आलापल्लीला धाडलेली. विषय: ‘डबा परत आणा’. मी म्हटलं, काका, दोन काढून टाका, जागा वाचेल.

“राहू द्या जी,” काका म्हणाले, “तीनदा सांगितलं होतं तिनं. डबा आणलाच नाही मी.”