‘हा कामाला कुठे होता?’

मस्कतमध्ये रुवीच्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी दुपारी जेवण झालं की लॅपटॉप टीव्हीला जोडून सिनेमा लावायचा, असा अलिखित नियम आहे. आम्ही चौघं. त्यातले दादा वयाने सगळ्यांत मोठे, मिरजेकडचे, एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. मागच्या महिन्यात निवड माझी होती आणि मी ‘कासव’ लावला. कारणही होतं. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात मानसिक आरोग्यावर तासाभराचं वेबिनार झालं होतं, आणि त्याने मी इतका वैतागलो होतो की या विषयावरचं काहीतरी बरं बघायचं होतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 2016 सालचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला मानव (आलोक राजवाडे) जानकीच्या (इरावती हर्षे) घरी येऊन पडतो. जानकी अमेरिकेतून परतलेली, स्वतः या अंधारातून जाऊन आलेली. कोकणच्या किनाऱ्यावर दत्ताभाऊंच्या (मोहन आगाशे) कासवसंवर्धनाच्या कामात ती आहे. ती त्याला नाव-गाव, आई-बाप काही विचारत नाही. खोली देते, जेवण देते आणि वाट बघते.

मध्यंतराच्या आसपास दादांनी विचारलं, “हा पोरगा कामाला कुठे होता?”

मी म्हटलं, तो मुद्दा नाहीये दादा.

“नसेल. पण रजा कुणी दिली याला एवढी?”

आम्ही हसलो. नंतर मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मला हा सिनेमा अजूनही आवडतो, पण आता त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी तो जे बरोबर करतो ते. मराठीत नैराश्यावर बोलताना आपण दोन टोकांना जातो. एक तर “मनावर घेऊ नकोस”, नाहीतर थेट “वेड लागलंय”. ‘कासव’ दोन्हीकडे जात नाही. मानव चिडतो, अंगावर येतो, उपकार वगैरे काही मानत नाही, आणि सिनेमा त्याच्याकडून लवकर बरं होण्याची अपेक्षा करत नाही. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, तरी त्यांच्या तोंडी लांबलचक व्याख्यान दिलेलं नाही, हे मोठंच संयमाचं काम. आणि कासवांची योजना तर फार नेमकी आहे. वेळासला कासव महोत्सव पाहिलेल्यांना माहीत असेल: अंड्यांभोवती कुंपण घालतात, कुत्री-कोल्ही लांब ठेवतात, पण पिल्लू बाहेर आलं की त्याला उचलून समुद्रात सोडत नाहीत. वाळूवरून ते स्वतःच चालत जातं. जानकी मानवला दुरुस्त करायला जात नाही, त्याच्या भोवतालची जागा सुरक्षित करते.

आता आमचं वेबिनार. वक्त्या चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या. चार सेकंद श्वास घ्या, चार सेकंद धरा. रोज तीन गोष्टी लिहा ज्यांबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. झोपण्याआधी फोन दूर ठेवा. हे ऐकत असतानाच आमच्या ग्रुपवर प्रोजेक्ट मॅनेजरचा मेसेज पडला, की शनिवारी सगळ्यांनी यायचंय आणि रात्री फोन चालू ठेवायचाय. कुणी काही बोललं नाही. नंतर फीडबॅक फॉर्ममध्ये मीही पाचपैकी पाच दिले.

यात वक्त्यांची चूक नाही. चूक या सगळ्या प्रकाराच्या गृहीतकातच आहे, की ताण माणसाच्या आत तयार होतो आणि तिथेच मिटवायचा असतो. यावर संशोधन आहे आणि ते वेबिनारवाल्यांना सोयीचं नाही. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. लवचिकतेचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस, वेलबीइंग ॲप वगैरे घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्याला म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. 2024 मध्ये हा निबंध छापून आला. त्या आधी, 2022 साली, जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही कामाची रचना बदलणं आणि मॅनेजरांना प्रशिक्षण देणं यांवर भर आहे. बर्नआउटवर आयुष्यभर काम केलेल्या ख्रिस्तिना मास्लाक हेच सांगत आल्या: कामाचा बोजा, हातात असलेलं नियंत्रण, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, मूल्यं. या यादीत श्वास कुठेच नाही.

म्हणजे ‘कासव’ आणि हे संशोधन एकाच बाजूचे. भोवताल बदला, माणूस आपोआप हलायला लागेल. मग माझं भांडण कशाशी?

जानकीचं घर कुणाच्या पैशावर चालतं, हे सिनेमा विचारत नाही. समुद्रासमोरची खोली, हवा तितका वेळ, कसलीही मुदत नाही. मानवला कुणाला ईमेल करायचा नाही. त्याचा व्हिसा कुठल्या कंपनीच्या नावावर नाही. आखातात राहणाऱ्याला हे बघताना पहिल्यांदा हेवा वाटतो आणि मग राग येतो. इथे तुमचं राहण्याचं कार्ड नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की भाड्याची खोली, पोराची शाळा, गावाकडच्या घराचा हप्ता, सगळं एका दोरीने ओढलं जातं. मन थकलंय, हे अशा माणसाने बॉसला सांगायचं म्हणजे दोरीचं टोक त्याच्या हातात देणं.

अर्थात ओमानमध्ये काही बदललं नाही असं नाही, आणि हे परदेशातल्या मराठी गप्पांत क्वचित ऐकू येतं. 2021 च्या जानेवारीपासून नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ‘एनओसी’ची अट गेली. त्याआधी करार संपला तरी एनओसी नसेल तर दोन वर्षं परत येता येत नसे. 2023 च्या नव्या कामगार कायद्यात आठवड्याचे 40 तास आहेत, आजारपणाची रजा वर्षाला 182 दिवसांपर्यंत आहे, पगार टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारा. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद. माझ्या मते एनओसी जाणं हा इथल्या मानसिक आरोग्यातला सगळ्यांत मोठा उपचार होता, आणि त्याला कुणी तसं म्हटलं नाही. दार उघडं आहे एवढं कळलं तरी माणूस खोलीत जरा मोकळा बसतो. पण ‘डिप्रेशन’ लिहिलेलं सर्टिफिकेट घेऊन एचआरकडे गेलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. पाठदुखीवाले बरेच भेटतात. कायद्यातली रजा आणि मागायची हिंमत यांच्यात जे अंतर आहे, त्यावर सिनेमा हवा होता.

आणि यदू. किशोर कदमांनी केलेला यदू जानकीकडे कामाला आहे. सिनेमात खऱ्या अर्थाने नोकरी करणारा माणूस तोच. मानवच्या लहरी सहन करण्यात, धावपळ करण्यात त्याचाही मोठा वाटा आहे. कदम त्याला प्रेमाने आणि विनोदाने उभा करतात, पण यदूला कसं वाटतं हे विचारायला कुणी थांबत नाही. दादांना हे लगेच दिसलं. “तो एकटाच उभा असतो बघ सगळीकडे,” म्हणाले. मला तीनदा पाहूनही दिसलं नव्हतं, कारण मी स्वतःला मानव समजून पाहत होतो. आपण शिकलेली मंडळी असंच करतो. मानसिक आरोग्य म्हटलं की डोळ्यांसमोर आपल्यासारखाच कुणीतरी येतो, लॅपटॉपवाला. पहाटे आपल्याला साइटवर सोडणारा येत नाही. आमच्या वेबिनारची लिंकही फक्त ईमेल असलेल्यांना गेली होती.

आपल्या संतसाहित्यात कासवीची एक जुनी प्रतिमा आहे: ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, लांबून नुसत्या नजरेने वाढवते. परदेशातल्या पोराला व्हिडिओवर बघणाऱ्या आईला हे शोभून दिसतं. प्रत्यक्षात मादी अंडी घालून समुद्रात निघून जाते आणि परत फिरकत नाही. इथे रास अल-जिन्झला हिरवी कासवं अंडी घालायला येतात, मी रात्रीच्या फेरीत पाहिलंय. तिथला गाइड सारखं एकच सांगत होता: टॉर्च मारू नका, फोटो काढू नका, तिच्या समोर उभे राहू नका. प्रेम करा, असं काही तो म्हणाला नाही. ऑफिसने माझ्याशी निदान एवढं करावं, एवढंच मला हवंय. शुक्रवारी फोन नको, रजा मागितली तर कारणाची चौकशी नको. मायेची जबाबदारी कंपनीवर कशाला? ‘कासव’ बघून लोक जानकी शोधत फिरतात. मला वाटतं, कामाच्या जागी जानकी नाही मिळाली तरी चालेल, कुंपण मिळालं पाहिजे.

ज्यांना खरोखर उपचार हवेत त्यांच्यासाठी मस्कतजवळ आमिरातला अल-मसर्रा हे मानसोपचाराचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, खासगी समुपदेशकही आहेत. जा. सिनेमावर भागवू नका, हे मी माझ्या तिन्ही फ्लॅटमेट्सना म्हणालो आणि एकाने खरंच फोन लावला.

पुढच्या शुक्रवारी याच दोघांचा ‘अस्तु’ लावणार आहोत. दादांनी आधीच विचारून ठेवलंय किती वेळाचा आहे, कारण शनिवारी पहाटे साडेचारला त्यांना बस काढायची असते.