डेकचा रंग कुणासाठी निवडायचा?



विषयाची चिठ्ठी वाचून काही जण हसले, ते मी पाहिलं. डेकिंगचा रंग हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण एक गोष्ट बघा. घरातल्या भिंतीचा रंग आवडला नाही तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. टेरेसवर किंवा बागेत एकदा फळ्या ठोकल्या की दहा-पंधरा वर्षं त्या हलत नाहीत. त्यावर खर्च होतो तो दीड-दोन लाखांच्या घरात जाऊ शकतो. आणि त्यानंतर त्या जागेत माणसं बसणार की नाही, हे बऱ्याच अंशी रंगावर ठरतं. म्हणून आज आपण या निवडीची जरा कठोर समीक्षा करू.

सुरुवात भाषेपासून करतो. मुंबईच्या जाहिरातींत साध्या बाल्कनीलासुद्धा आता 'डेक' म्हणतात. डेक म्हणजे मुळात जहाजाचा वरचा भाग. तिथून तो शब्द बागेत आला आणि बागेतून आपल्या अकराव्या मजल्यावर. बरं, कॅटलॉग उघडा. वॉलनट, टीक, एस्प्रेसो, चारकोल. फळी असते लाकडाचा भुसा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून केलेली, म्हणजे डब्ल्यूपीसी. तिच्यात अक्रोडाचं झाड नाही, साग नाही आणि कॉफी तर नाहीच नाही. याला मी फसवणूक म्हणत नाही, रंगाला काहीतरी नाव लागतंच. पण या नावांमुळे होतं काय, की आपण रंग निवडतच नाही, एक चित्र निवडतो. चित्रात संध्याकाळ असते, दोन खुर्च्या असतात, एक दिवा असतो. दुपारचे दोन कुठल्याच कॅटलॉगमध्ये वाजत नाहीत.

दुसरी गोष्ट सॅम्पलची. दुकानात ट्यूबलाइटखाली हाताएवढा तुकडा दाखवतात आणि त्यावर निर्णय होतो. इथे एक जुनी हकिकत सांगतो. 19व्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे होते, त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. 1839 साली त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. सार एवढंच, की रंग एकटा कधी दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

आता हे आपल्या गच्चीवर आणू. करडी फळी तांबड्या विटांच्या कठड्याशेजारी किंचित हिरवट वाटते. तीच फळी गर्द हिरव्या कुंड्यांच्या रांगेशेजारी गुलाबीकडे झुकते. हातातल्या तुकड्यावर सौम्य वाटणारी लालसर छटा दीडशे चौरस फुटांवर पसरली की अंगावर येते. म्हणजे दुकानातला तुकडा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं तुमच्या भिंतीला, झाडांना आणि उन्हाला विचारावं लागतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सध्या चारकोलची, म्हणजे गडद करड्या रंगाची चलती आहे. पुण्यात, नाशकात, ठाण्यात, जिथे बघाल तिथे. माझं म्हणणं असं, की हा रंग वाईट नाही, त्याचा पत्ता चुकलाय.

लंडन साधारण साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथला सूर्य भर माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून फक्त 15 अंश वर येतो. तिथली माणसं उन्हाची वाट बघतात. गडद फळी जे काही ऊन मिळेल ते धरून ठेवते आणि ते त्यांना हवंच असतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, तेव्हा ढग असतात म्हणून कळत नाही इतकंच. आता ज्या गावात वर्षातून दोनदा स्वतःची सावली पायाखाली जाते, तिथे ऊन गोळा करणारी जमीन कशासाठी?

आकडा हवा असेल तर हा घ्या. ताजा काळा डांबरी रस्ता पडलेल्या उन्हापैकी जेमतेम 5 टक्के परत पाठवतो, बाकी पोटात घेतो. छतासाठीचा ताजा पांढरा परावर्तक रंग 80 टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. डेकिंगचे सगळे रंग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि चारकोल डांबराच्या बाजूला बसतो. त्यात मिश्र फळीत प्लॅस्टिक असतं. ती तापली की पसरते, म्हणून तर टोकाशी फट सोडावी लागते. गडद फळी जास्त तापते, त्यामुळे फटीचा हिशेब कारागिराने चुकवला तर त्रासही तिथेच आधी होतो.

आणि हे ज्ञान काही नवीन नाही. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांच्या आवारात उन्हाळ्यात काय करतात? अनवाणी भाविकांसाठी दगडी फरशीवर काथ्याच्या चटया घालतात, किंवा पांढऱ्या रंगाचा पट्टा मारतात. माणसं बरोबर त्या पट्ट्यावरून चालतात. तिथे कुणी इंटिरियर डिझायनर नाही. पाय रंग निवडतात. आपणही घरात अनवाणी वावरतो. गच्चीवर पापड घालायला जाणारी आजी चप्पल शोधत बसत नाही, आणि रांगणारं मूल तर तळहात टेकूनच जातं. युरोपातल्या डेकवर बहुतेक वेळा बूट असतो. आपल्याकडे कातडी असते. कॅटलॉगच्या लेखी या फरकाला जागाच नाही.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो. 'अहो, पण गडद रंग मळखाऊ असतो ना!' छान. मळखाऊ हा आपला फार शहाणा शब्द आहे, तो जरा नीट वापरू या. मळ खायचा, पण कुठला मळ? मळाला स्वतःचा रंग असतो. पुण्याची धूळ फिकट मातकट. कोकणात जांभ्याची तांबडी. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या रानाची. शिवाय कबुतरांची शीट पांढरी आणि टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे सुकलेले डागही पांढरे. म्हणजे शहरातल्या गच्चीवरचा बराचसा मळ फिकट आहे, आणि तो कोळशाच्या रंगावर पाटीवरच्या खडूसारखा उठून दिसतो. चारकोलवाले लोक रोज पुसतात आणि रोज वैतागतात. पुण्यात मळखाऊ म्हणजे वाळूच्या, चिंचोक्याच्या नाही, जरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या जवळचा रंग. रत्नागिरीत तांबूस तपकिरी. गावागणिक उत्तर वेगळं.

एक मळ मात्र रंगाने खाऊच नये, तो म्हणजे शेवाळ. पावसाळ्यात शेवाळ सगळ्याच रंगांवर धरतं. फिकट फळीवर ते लगेच दिसतं, आपण घासून काढतो. गडद हिरवट-काळ्या फळीवर ते दिसत नाही, आणि कळतं तेव्हा कुणीतरी घसरलेलं असतं. घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर हा मुद्दा सौंदर्याच्या आधी घ्या.

मग काय, सगळं पांढरं करायचं? नाही. पांढऱ्या जमिनीवरून उसळलेलं ऊन डोळ्यांवर येतं. अकरा वाजता तिथे पेपर वाचता येत नाही. आणि पलीकडच्या टोकालाही मी जाणार नाही, की जुनं ते सगळं सोनं. सारवलेल्या अंगणाचा तो मऊ मातकट रंग, त्यावर पांढरी रांगोळी उठून दिसायची, पायाला गारवा, हे सगळं खरं. पण ते अंगण कुणाच्या तरी कमरेवर उभं होतं, आणि ते कोण हे आपल्याला माहीत आहे. शहाबादी फरशीचंही कौतुक करू, पण तीही मेमध्ये तापते आणि ओली झाली की घसरते. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. ती जमीन मध्यम छटेची होती आणि गप्प होती. तुळस, रांगोळी, वाळवण, माणसं, यांना ती दिसू द्यायची. आजची डेक स्वतःच दिसायला बघते.

गडद रंग कुठे चालेल, तेही सांगतो, म्हणजे अन्याय नको. वर पक्कं छप्पर असेल, इमारतीच्या सावलीतली उत्तरेकडची बाल्कनी असेल, किंवा महाबळेश्वरसारखी थंड हवा असेल, तर खुशाल घ्या. तुमची मुलगी मँचेस्टरला असेल आणि फोनवर विचारत असेल तर तिलाही चारकोल सांगा. तिथे तो आपल्या गावी आहे.

आणखी एक, काळाचा हिशेब. खरं लाकूड घेणार असाल तर आज दिसतो तो रंग राहणार नाही. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि सागसुद्धा हळूहळू चंदेरी करडा होतो. तेल लावत राहिलात तर हे लांबतं, पण ते दरवर्षीचं काम आहे. मिश्र फळीही सुरुवातीच्या महिन्यांत थोडी उतरते. तेव्हा भिंतीशी रंग जुळवताना दुकानातल्या आजच्या रंगाशी जुळवू नका, दोन वर्षांनंतरच्या रंगाशी जुळवा. दुकानदाराला तीच फळी दोन पावसाळे बाहेर राहिलेली कुठे बघायला मिळेल, असं विचारा. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच समजा.

मग निवडायचं कसं? दोन-तीन छटांच्या पूर्ण लांबीच्या फळ्या मागा, तुकडे नकोत. गरज पडली तर त्यांचे पैसे द्या. आठवडाभर त्या आपल्या गच्चीवर ठेवा. दुपारी दोन वाजता त्यांवर अनवाणी उभे राहा आणि मनात वीस आकडे मोजा. आपल्याच कुंडीतली माती थोडी सांडा, आपल्याच नळाचं पाणी ओता आणि सुकू द्या. संध्याकाळी दिवा लावून भिंतीसकट बघा. आणि घरातल्या सगळ्यांना उभं करा. पैसे देणाऱ्याला तर कराच, पण सकाळी झाडांना पाणी घालणाऱ्याला आणि फरशी पुसणाऱ्या बाईंनाही विचारा. त्यांचं मत बहुधा कुणी घेतलेलं नसतं, आणि त्या जमिनीशी सगळ्यात जास्त संबंध त्यांचाच येणार असतो.

लाख-दोन लाख खर्चून केलेल्या कितीतरी गच्च्या आज फोटोत आहेत आणि वापरात नाहीत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दार बंद. शहरात मोकळ्या आकाशाखालची शंभर चौरस फूट जागा मिळणं किती कठीण झालंय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. ती जागा निव्वळ एका रंगापायी वर्षातले चार-पाच महिने गमवायची, हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

वेळ झाली आहे, थांबतो. आपापल्या गच्चीची दिशा, भिंतीचा रंग आणि गावचं पाणी सांगून प्रश्न विचारलेत तर उत्तर देणं सोपं जाईल.