गाण्यातला ॲन्थनी आणि गाण्यामागचा

चित्रपटसंगीताचा खरा शौकीन वर्तमानपत्र हाती पडताच प्रथम मनोरंजनाचे पान उघडतो. या छंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा या भागातील आमच्या युवकांशी बोलावे, तर नटाचे मानधन, गायकाचा पुरस्कार, कोणाचे कोणाशी बिनसले, सारे त्यांच्या जिभेवर असते. मात्र आवडत्या गाण्यातील व्हायोलिनचे सूर कोणी लिहिले, असे विचारले की ते निरुत्तर होतात. दोष त्यांचा नव्हे. त्या पानावर ते नाव क्वचितच छापले जाते.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील प्रसिद्ध गाणे घ्या. ईस्टरचा समारंभ, भलेमोठे अंडे, त्यातून उंच टोपी घालून बाहेर पडणारा अमिताभ बच्चन आणि त्याची अर्थशून्य इंग्रजी बडबड. पुनरुत्थानाच्या सणाचे हे रूप पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मला ते विनोद म्हणून चालते. खटकते ते वेगळेच. ॲन्थनी गोन्साल्विस हे नाव आज अवघ्या देशाला ठाऊक आहे, पण ते एका हसऱ्या दारूवाल्याचे नाव म्हणून.

खरे ॲन्थनी गोन्साल्विस गोव्यातील माजोर्डा गावचे. जन्म १९२७ चा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक. स्वरलिपी मुलाला घरातच मिळाली. गोव्यातील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकविले आणि त्या शिदोरीवर मुंबईचे चित्रपटसंगीत उभे राहिले. संगीतकार पेटीवर चाल सुचवी. ती कागदावर उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांत वाटून देण्याचे काम संयोजक करी. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. गोन्साल्विस याच परंपरेतले. शिवाय त्यांना रागसंगीताची ओढ. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यमेळात बांधण्याचा तो प्रयोग होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे वळले नाहीत, माजोर्ड्यातच राहिले.

त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या मुलांत एक प्यारेलाल शर्मा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील या शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गोवले. आनंद बक्षींचे शब्द, किशोरकुमारांचा गळा. गुरुदक्षिणा म्हणून ती हृद्य आहे, पण टीकाकाराने तेवढ्यावर थांबू नये. ज्याने सारंगात कॉन्चेर्टो रचला, त्याच्या संगीताचा मागमूस त्या गाण्यात नाही. शिष्याची निष्ठा खरी, पण भेट बाजाराच्या चलनात दिलेली. आणि तरीही, हे गाणे नसते तर ते नाव आपल्यापर्यंत पोहोचले असते काय? येथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते.

२०२४ मध्ये प्यारेलाल यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा या गाण्यामागील शिक्षकाची कथा सांगण्याची नामी संधी होती. आपल्या शौकिनांनी ती आपापसात तरी सांगावी. तोच कान घरच्या संगीताकडेही वळावा. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीची ख्याती दूरवर आहे. तेथे ढोल घुमतो, पावरी वाजते, मोरपिसांचे टोप डोलतात. छायाचित्रे पाहणाऱ्याला टोप लक्षात राहतो. पावरी वाजविणारा कोण, त्याने ती कोणाकडून शिकली, हे विचारायला आपल्याला काठी तर माजोर्ड्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले. त्यांच्या निधनाच्या बातम्यांतही त्यांची ओळख बहुधा त्या गाण्यावरूनच करून देण्यात आली.