जाळ्याचेच कासव

बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या कालव्यातून २०१८ साली एक देवमासा वर झेपावला. चार मजली उंच, अंगावर सुमारे ५ टन प्लास्टिक. स्टुडिओ केसीए या न्यूयॉर्कच्या वास्तुरचनाकारांनी तो उभारला होता आणि प्लास्टिक हवाईच्या किनाऱ्यांवरून वेचून आणले होते. छायाचित्रे पाहून मी थक्क झालो. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मात्र खटकले. निळे-पांढरे तुकडे इतके नेटके बसवले आहेत की लांबून बादली बादली राहत नाही, देवमाशाची कातडी होऊन जाते. कचरा विसरून आपण माशाच्या झेपेचे कौतुक करत राहतो.

समुद्री कचऱ्याच्या शिल्पकलेची आजची मोठी अडचण हीच आहे. मासा, कासव, पेंग्विन हे आकार तिच्या हाताला इतके सरावले आहेत की सामग्रीने काही बोलायच्या आत आकारच बोलून मोकळा होतो. अमेरिकेत ऑरेगनच्या बँडन गावी अँजेला हेझेल्टाइन पॉझी यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'वॉश्ड अशोअर' प्रकल्प त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. स्वयंसेवक किनाऱ्यावरचा कचरा वेचतात, धुतात, निवडतात, आणि जवळ गेले की चप्पल चप्पल म्हणूनच दिसते. तरीही त्या रंगीबेरंगी माशांपुढे मुले आनंदाने फोटो काढतात, तेव्हा मला चुकचुकल्यासारखे होते.

खरी ताकद मला सापडली ती ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत, एरब बेटावर. मासेमारी नौकांनी टाकलेली किंवा त्यांच्याकडून सुटलेली नायलॉनची जाळी या समुद्रात वाहत येतात. मालक नसलेले जाळे मासेमारी थांबवत नाही. ते वर्षानुवर्षे मासे, कासवे, शार्क अडकवत राहते. म्हणून त्याला 'घोस्ट नेट' म्हणतात. एरबचे कलावंत ही जाळी उसवतात, धागे वेगळे करतात, तारेच्या सांगाड्यावर गुंडाळतात, टाके घालून विणतात. त्यातून कासव उभे राहते. इथेही आकार प्राण्याचाच आहे, पण ज्या दोराने कासवाचा गळा आवळला जातो, त्याच दोराची त्याची पाठ झाली आहे. सामग्री आणि विषय यांत फट उरत नाही. शिवाय कासव हा या लोकांच्या खाण्यातला, गाण्यातला, कुळाच्या ओळखीतला प्राणी. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाचा बाक कुठून सुरू होतो हे त्या हातांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये ही जाळीशिल्पे मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयात पोचली.

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर छायाचित्रकार ख्रिस जॉर्डन यांनी २००९ पासून टिपलेली अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिलांची छायाचित्रे शिल्पे नव्हेत, पण शिल्पकारांनी ती समोर ठेवावीत. पिलांच्या कुजलेल्या पोटांतून बुचे आणि लायटर बाहेर आले आहेत, आणि जॉर्डन यांनी त्यातला एकही तुकडा हलवलेला नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळाच. उन्हात ठेवलेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि त्याचा भुगा पडतो. उघड्यावर, पाण्याकाठी उभे केलेले शिल्प तोच भुगा पुन्हा समुद्रात सोडू शकते. उद्घाटनाच्या दिवशीच ते कधी उतरवायचे, कुठे न्यायचे, हे ठरलेले असावे.

आपल्या कोळीवाड्यांत फाटलेले नायलॉनचे जाळे मांडीवर घेऊन सांधणारी माणसे दिसतात. पावसाळ्यातल्या भरतीने चौपाटीवर काय काय आणून टाकले, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. बाटल्यांचा पुढचा मासा उभारण्याआधी आपल्या शिल्पकाराने त्यांच्याशेजारी चार दिवस बसावे, एक गाठ शिकावी.