दीर्घिकागुच्छाची साक्ष आणि हबल स्थिरांक

खगोलीय अंतरे मोजताना एक पायरी दुसरीच्या आधाराने उभी असते. खालची ढळली की वरचे सारे माप ढळते. 1964 साली नॉर्वेच्या श्यूर रेफ्सडाल याने या शिडीवाचून चालणारा मार्ग सुचविला. अतिदीप्त नवताऱ्याचा प्रकाश मधल्या वस्तुमानामुळे वाकून अनेक वाटांनी पोचला, तर प्रतिमांच्या आगमनातील कालांतरावरून हबल स्थिरांक काढता येईल, हे त्याचे सूत्र. पॅट्रिक केली व त्याचे सहकारी यांचा 2023 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध हे त्या सूत्राचे दीर्घिकागुच्छाद्वारे केलेले उपयोजन होय.

निबंधाचे बळ आधी सांगितले पाहिजे. एमएसीएस जे1149 या गुच्छामागील नवताऱ्याच्या चार प्रतिमा नोव्हेंबर 2014 मध्ये आढळल्या. पुढील प्रतिमा केव्हा व कोठे दिसेल याची भाकिते ती दिसण्यापूर्वीच वर्तविली गेली, आणि डिसेंबर 2015 मध्ये ती दिसली. कालांतर सुमारे 376 दिवसांचे ठरले. त्यातील अनिश्चितता अवघी दीड टक्का.

परंतु कालांतर मोजणे वेगळे आणि त्यावरून स्थिरांक काढणे वेगळे. गुच्छाचे बहुतेक वस्तुमान अदृश्य कृष्णद्रव्याचे असून त्याची मांडणी प्रतिमांवरून अनुमानावी लागते. मूळ वस्तुमान ठराविक प्रमाणात घटवून त्यात एकसारखा थर मिसळला, तर प्रतिमांची स्थाने तीच राहतात, कालांतर मात्र बदलते. निरनिराळ्या अंतरांवरील दीर्घिकांच्या प्रतिमा हा संदेह आवळतात. समूळ नाहीसा करीत नाहीत.

आठ प्रतिमानांवरून स्थिरांक दर मेगापार्सेकला सेकंदास 64.8 किलोमीटर येतो. निरीक्षणांशी सर्वाधिक जुळणाऱ्या दोहोंवरून 66.6. निवडीच्या कसोट्या स्थिरांकाच्या मूल्यावर अवलंबून नव्हत्या, ही सचोटी मान्य केली पाहिजे. तरीही प्रतिमाने बव्हंशी एकाच निरीक्षणसामग्रीतून घडलेली असल्याने, त्यांच्या एकमतास आठ स्वतंत्र साक्षीदारांचे मोल देता येत नाही.

आता निष्कर्षाकडे वळावे. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 67.4 हे मूल्य निघते, तर सेफीड तारे व नवतारे यांच्या शिडीवरून सुमारे 73. नव्या मूल्याचा कल पहिल्याकडे आहे. पण त्याची त्रुटी चारच्या आसपास असल्याने दुसरे मूल्य दोन प्रमाण-विचलनांच्या आतच राहते. शिवाय 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीतून आढळलेल्या, दुसऱ्या गुच्छामागील नवताऱ्यावरून 75.4 हे मूल्य मिळाले, तेही याहून मोठ्या त्रुटीसह. तेव्हा एका गुच्छाच्या साक्षीवर वादाचा निवाडा देणे घाईचे ठरेल. या निबंधाचे खरे श्रेय त्याच्या आकड्यात नसून, खोटे ठरण्याचा धोका पत्करून केलेल्या पूर्वकथनात आहे.